कानसेन

"नव्वद हजार!" मीटरवरचा आकडा वाचून ताई ओरडली.

वाळूच्या पोत्यांआड दोघं बहीणभाऊ गुडघ्यांवर बसले होते. पलीकडे लोखंडी टेबलावर हातभर लांबीचं जेट इंजिन किंचाळत होतं. त्याचं पोट म्हणजे स्टीलचा जुना थर्मास. पुढचा मुठीएवढा पंखा भंगारातल्या ट्रकच्या टर्बोचा. आणि मागचं, लालबुंद तापून मिनिटाला नव्वद हजार वेळा गरगरणारं चाक चक्क कवळ्यांच्या धातूचं.

ते चाक ताईनं ओतलं होतं. दातांच्या कवळ्या बनवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. भावानं आधी केलेली दोन चाकं साध्या पत्र्याची होती. दोन्ही फुटली. दुसऱ्याचा तुकडा शेडच्या दारातून आरपार गेला, तेव्हा ताई म्हणाली होती, "पुरे झाले हे खेळ. तापून लाल झाला तरी दम न सोडणारा धातू माझ्याकडे आहे." मग तीन आठवडे ती त्या चाकापायी जेवणखाण विसरली. मिनिटाला एक लाख फेरे झाले की जिंकलो, असं ठरलं होतं.

"ब्याण्णव! अजून थोडंच..."

भावानं इंधनाची तोटी बंद केली. किंचाळी उतरत उतरत विझली.

"अरे, का थांबवलंस?"

"आवाज बदलला."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"मला आलं."

इंजिन निवल्यावर त्यांनी ते उघडलं. ताईनं चाक भिंगाखाली धरलं, एकेक पातं तपासलं. कुठेही चीर नव्हती. भावाचा चेहरा उतरला. तो हात पुसत राहिला, पुसण्यासारखं काही नसतानाही.

आठ महिन्यांपूर्वी असंच झालं होतं. तो विमानांचा मेकॅनिक होता. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, म्हणून हँगरमध्ये सगळे त्याला कौतुकानं 'कानसेन' म्हणायचे. एकदा त्यानं प्रवासी बसलेलं विमान थांबवलं. म्हणाला, आवाज बरोबर नाही. इंजिनात कॅमेऱ्याची नळी घालून पाहिलं, काही सापडलं नाही. विमान अकरा तास उशिरा सुटलं. त्याची नोकरी गेली. 'कानसेन' हे नाव मागे राहिलं ते टिंगलीपुरतं.

ताईनं त्याची बाजू सगळ्यांशी भांडून घेतली होती. आज पहिल्यांदा तिच्याही मनात पाल चुकचुकली.

"हेच चाक परत बसवू या," तो हळूच म्हणाला. "हे चांगलं आहे. माझ्याच कानात दोष असेल."

ओतताना एका जागी धातू क्षणभर अडखळला होता, हे ताईला ठाऊक होतं. वरून सगळं गुळगुळीत दिसलं, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. तिनं चाक शिकंज्यात आवळलं आणि कापायचं यंत्र चालू केलं.

"ताई, नको! तुझी तीन आठवड्यांची मेहनत..."

"बाजूला हो."

ठिणग्या उडाल्या. चाकाचे दोन तुकडे झाले. ताईनं कापलेली बाजू घासून भिंगाखाली धरली आणि तशीच खिळून उभी राहिली. पात्याच्या मुळाशी, आत खोल, खसखशीच्या दाण्याएवढी पोकळी होती. तिच्यातून केसासारखी बारीक चीर निघाली होती. पृष्ठभागापाशी पोचायला तिला नखाच्या जाडीएवढं अंतर उरलं होतं.

"कानसेन!" ताई ओरडली. ती हसत होती, रडतही होती. "अरे, चूक माझी होती. तुझा कान बरोबर होता! तेव्हाही बरोबरच असणार!"

तो हसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला.

"ताई," तो म्हणाला, "ते विमान अजून उडतंय."