तोलमोजे

लेकीने आणलेले तोलमोजे पायांत आल्यापासून अंबूताई डिंगणकर एकदाही पडल्या नव्हत्या. पाय घसरायच्या आत मोजे पोटरीला हलका झटका देत आणि पाऊल आपोआप सावरलं जाई. पण गच्चीच्या जिन्याशी आलं की त्यांचे गुडघे कापसासारखे मऊ पडत आणि त्यांना माघारी फिरावं लागे.

"वय झालं, आई," लेक मृदुला म्हणे.

अंबूताईंना ते पटत नव्हतं. भाजीबाजारात तासभर न थकणारे गुडघे नेमके जिन्यापाशीच कसे दगा देतात? शेजारच्या गच्चीवर रझियाबी रोज संध्याकाळी त्यांची वाट बघून खाली जात होत्या, त्याचंही मनाला लागत होतं.

एका दुपारी अंघोळीचं निमित्त करून त्यांनी मोजे काढले आणि कठडा धरून पहिल्या पायरीवर अनवाणी पाऊल ठेवलं. गुडघा ताठ राहिला. त्या चढू लागल्या.

"आई, उतर खाली!" मृदुला धावत आली.

"माझे गुडघे तू मऊ करत होतीस?"

मृदुलाची मान खाली गेली. "जिना आला की पाय अडवा, असं मीच मोज्यांना सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षी तू इथेच पडलीस. ते रक्त अजून डोळ्यांसमोरून जात नाही."

"मग तसं बोलायचंस गं. मी इकडे मनातल्या मनात मरणाची तयारी करत बसले होते."

अंबूताई वळल्या आणि पुढची पायरी चढल्या. मृदुला एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून, पण त्यांना न शिवता चढत राहिली.