काचघरातला ताड

ब्रुसेल्सला राजाची काचघरं वसंतात जेमतेम तीन आठवडे लोकांना उघडतात. तेवढं निमित्त पुरलं, आणि बाबा आपल्या वाट्याच्या शनिवार-रविवारात फीनला गेंटहून तिथं घेऊन आले. रविवारी संध्याकाळी तिला परत आईच्या दारात सोडायचं, असा कोर्टाचा हुकूम होता. घटस्फोटापासून बाबांचा हात भलताच सैल झाला होता, आणि नऊ वर्षांची फीन ती संधी सोडणाऱ्यातली नव्हती. दारातच दोन वाफल हाणून ती आत शिरली होती.

"बाबा, हा ताड तर छताला टेकलाय!"

"इवलंसं रोप होतं तेव्हा जहाजातून आणलाय, लांबच्या देशातून."

"रडला असेल बिचारा."

"झाडं कुठली रडतायत, वेडाबाई! लहानपणी उपटलं ना, की कुठंही रुजतं. वर्षभरात जुनी माती विसरतं."

बाबा हे ताडाकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाले.

"आईला फोटो पाठवते याचा."

"पाठवशील गं. घाई काय आहे?"

बाहेर आल्यावर फीन स्वेटर ठेवायला गाडीची डिकी उघडते, तो आत नवेकोरे, लोकरीचं अस्तर लावलेले बूट.

"माझे? पण हे केवढे ढगळ आहेत!"

"हिवाळ्यापर्यंत बरोबर बसतील. बर्फातले आहेत."

"गेंटमध्ये कुठं पडतो एवढा बर्फ?"

"गेंटमध्ये नाहीच पडत," म्हणत बाबांनी तिच्या हातातला फोन अलगद काढून घेतला आणि गाडीचं दार उघडून धरलं.