जुळलेला चेहरा

खरा चोर सापडला आणि संगीतशिक्षक तुरुंगातून सुटले. त्यांना अटक करणारे फौजदार दुसऱ्याच दिवशी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेले. शिक्षकांनी खुर्ची दिली, पाणी आणून ठेवलं. फौजदारांना एक घोटही घेववेना.

"मास्तर, कॅमेऱ्यातला चेहरा तुमचाच आहे, असं कॉम्प्युटरने सांगितलं. त्याच्यापुढे माझं काय चालणार? तरी माफी मागायला आलोय."

"कॉम्प्युटरवर माझा राग नाही, साहेब. त्याने मला कुठे पाहिलं होतं?"

"मग माझ्यावर आहे?"

शिक्षकांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी जीपमध्ये तुम्ही कॅमेऱ्यातला तो फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरलात आणि हवालदाराला हळूच म्हणालात, 'हा तो वाटत नाही.' आठवतंय?"

फौजदारांनी मान खाली घातली. त्यांना आठवत होतं. कागदावर मात्र त्यांनी 'चेहरा जुळला' एवढंच लिहिलं होतं.

"मला ते ऐकू आलं होतं," शिक्षक म्हणाले. "बायको तुरुंगात भेटायला यायची, रडायची. दर वेळी मी तिची समजूत घालायचो, घाबरू नकोस, साहेबांना माहीत आहे."