सगळ्यांत जपलेले कान

चौदा वर्षं मामाने खाणीत दगड फोडणाऱ्या ब्रेकरशेजारी उघड्या कानांनी काम केलं. यंदा मात्र आवाज अडवणारा इअरमफ तो जेवतानाही काढेना. "मामा, आता आंघोळही हे लावूनच का?" सोबतचे चिडवायचे. मामा नुसता हसायचा.

खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक होतं. "अहो, दोन्ही कान गेलेत असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. किती दिवस लपवणार?" ती समोर बसून, एकेक शब्द सावकाश ओठांवर आणत विचारायची.

"हे कानांवर आहे तोवर. हाकेला ओ दिली नाही, तर दोष इअरमफला जातो. खरं कळलं, तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवतील."

सोमवारी नव्या सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर मामाच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हटलं आणि हातात पत्र दिलं. सगळे टाळ्या वाजवताना दिसत होते. मामाने पत्र वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि खाली सही केली.



'कान सगळ्यांत जास्त तुम्हीच जपलेत. म्हणून उद्यापासून इअरमफ न लावता खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं आणि रिव्हर्समध्ये येणाऱ्या डंपरचा भोंगा ऐकून खाली काम करणाऱ्यांना सावध करायचं.'