खुनाचं श्रेय

बेसिनमध्ये पितळी बत्ता धुताना सबनीसांनी मान वर केली. आरशातले सबनीस हसत होते. खऱ्या सबनीसांना हसण्यासारखं काही नव्हतं. हॉलमध्ये त्यांचा साडू मरून पडला होता, आणि आरडाओरडा ऐकून कुणीतरी पोलिसांना फोन केला होता.

"थरथरतोस कसला?" आरशातला म्हणाला. "खून मी केलाय. आयुष्यभर तो चारचौघांत तुला शेळपट म्हणाला, आणि तू त्याला आग्रह करकरून पुरणपोळी वाढलीस. तुझ्यात कुठली हिंमत? चोर आला होता म्हण आणि गप्प बस."

बेल वाजली. इन्स्पेक्टरच्या मागोमाग शेजारचे गुर्जरही आत घुसले. इन्स्पेक्टर सबनीसांच्या ओल्या हातांकडे बघतोय हे पाहून गुर्जरांना राहवेना.

"छे हो साहेब, यांच्यावर कसला संशय घेता? झुरळ दिसलं तरी वहिनींना हाका मारतात हे."

इन्स्पेक्टरला ते पटलं. त्याने सबनीसांना मायेने खुर्चीत बसवलं आणि हवालदाराला पाणी आणायला सांगितलं.

"सुटलास," आरशातला म्हणाला. "शेळपट असल्याचा असाही फायदा."

सबनीस उठले. त्यांनी बनियन खाली ओढून नीट केला आणि बेसिनमधला बत्ता इन्स्पेक्टरच्या हातात दिला.

"एका घावात गेला. मी मारला." मग बेसिनकडे वळून ते म्हणाले, "दुसऱ्या कुणीही नाही."

बेड्या घालून सबनीस जिना उतरू लागले, तेव्हा गुर्जर भिंतीला चिकटून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच वाट दिली होती. सबनीस मुद्दाम सावकाश उतरले.