तळ्यातला जिताडा

किमयाला बघायला रोह्याची माणसं दुपारी जेवायला येणार होती. पाहुणे यायचे म्हटलं की घरामागच्या तळ्यात वाढवलेला जिताडा काढायचा, ही धरमतरकडची जुनी रीत. हिरामण जाळं घेऊन काठावर आला. पायरीवर किमया मोबाइलवर स्पॅनिश शिकत बसली होती. नेसायची साडी शेजारी अजून घडीतच होती.

"काय गो पुटपुटतेस?"

"बाबा, त्यांच्यात माशाला दोन शब्द हायत. पाण्यात फिरतोय तवर 'पेस'. खायला म्हणून धरला की 'पेस्कादो'."

"पन मासा तोच ना?"

"व्हय, तोच. फक्त मंग तो पवत नाय."

हिरामणने पाण्यात फिरणाऱ्या जिताड्याकडे बघितलं, मग पायरीवरच्या साडीकडे.

"अवो, वाटण झालं! जिताडा गावला का?" आतून जनीने हाक मारली.

त्याने कोरडं जाळं परत शेवग्याला अडकवलं आणि रोह्याला फोन लावला.

"पावणं, येऊ नका. नाय नाय, तब्येत चांगली हाय तिची... आमची पोर अजून पेस हाय."