फ्यूज

मेनचा फ्यूज काढून अंबिकानं खिशात टाकला आणि छताला नवा दिवा बसवायला ती शिडीवर चढली. मुलींच्या आधारगृहातल्या वायरिंगच्या वर्गाचा पहिला नियमच तो होता. जी वायरीला हात लावणार, तिच्याच खिशात फ्यूज. म्हणजे दुसऱ्या कुणाला लाइट चालू करता येत नाही.

तेवढ्यात दारातून चुलता गरजला. "उतर खाली! लग्न ठरलंय तुझं. गेल्या वर्षी हळदीतनं पळालीस, आमचं तोंड काळं केलंस. आता गुमान चल."

अंबिकानं शिडीची पायरी घट्ट धरली. दर गुरुवारी तिचं सगळं ऐकून घेणाऱ्या, आधारगृहाच्या समुपदेशक शैलाताई ऑफिसातून धावत आल्या. नुसती शिडी धरून उभ्या राहिल्या. 'नाही म्हणायचं ना? मग आधी पाय जमिनीवर टेकव,' हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तिनं दिव्याचा उरलेला स्क्रू पिळला. खाली चुलता घामानं निथळत होता. "अरे, पंखा तरी लावा कुणीतरी!" कोण लावणार? फ्यूज अंबिकाच्या खिशात होता.

मग ती सावकाश उतरली. दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवून तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तात्या, मी येणार नाही. मला वायरमनची परीक्षा द्यायचीय."

चुलत्यानं कपाळावरचा घाम पुसला. तोवर बोर्डाजवळ जाऊन तिनं फ्यूज बसवला. पंखा गरगर फिरू लागला.

"बसा, वारं घ्या, पाणी प्या. परतीची एसटी पाचला आहे."